जोडीचा आकडा

शुक्रवारी दुपारी क्रेन विव्हळत परत आली, आणि रविवारी सकाळी अख्खं घर आप्पांच्या गॅरेजच्या शेडमध्ये जमलं. एक्सल म्हणजे काय हे ज्यांना धड सांगता आलं नसतं तेही आले. अशा कार्यक्रमाला कुणाला आमंत्रण लागत नाही.

आई चहाचा थर्मास घेऊन एका लाकडी पेटीवर बसली. भाऊ सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि कुठे टेकलं तर डाग पडणार नाही याचा अंदाज घेत उभाच होता. आप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यांच्या नाकावर होता, त्यामुळे ते नेमके कुठे बघताहेत हे कुणाला कळत नव्हतं, आणि आज त्यांना ते सोयीचंच होतं. क्रेनवाला आपल्या गाडीच्या मागच्या चाकाला पाठ टेकून, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा बसला होता.

"रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की मी ओढून आणतो," तो आईला सांगत होता. "माझीच बंद पडली तर मला कोण ओढणार, सांगा बरं?"

"चहा घ्या," आई म्हणाली. तिच्याकडे बहुतेक प्रश्नांवर हेच उत्तर असे.

आप्पांची मुलगी चौकशी या सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. लहानपणी 'हे असंच का' आणि 'ते तसंच का' विचारून तिनं घरादाराचं डोकं खाल्लं होतं, तेव्हापासून तिला हेच नाव पडलं. आता बत्तीस वर्षांची झाली, आप्पांच्या हाताखाली दहा वर्षं काढली, तरी ते सुटलं नव्हतं. तिच्यापुढे स्टँडवर क्रेनच्या मागच्या एक्सलच्या पोटातला गोळा बसवलेला होता. इंजिनाकडून येणारा फेरा इथे वळून चाकांकडे जातो. त्यासाठी आत दोन गिअर असतात, लहान ते पिनियन आणि मोठा तो क्राउन. पिनियननं क्राउनला ढकलायचं, क्राउननं चाकांना. दोघांचे दात एकमेकांत किती खोल बसावेत आणि मधे किती मोकळीक राहावी, याचा हिशोब केसाच्या जाडीत होतो.

तो हिशोब तिनं एकटीनं केला होता, पहिल्यांदाच. आप्पा डोळ्यांवर पट्टी बांधून घरी पडले होते तेव्हा क्रेनवाला आला. या जुन्या एक्सलचं काम आप्पा कधीच घेत नसत. "ते आपण करत नाही," एवढंच म्हणत आणि का ते सांगत नसत. चौकशीला नेमका तो 'का'च खुपत होता. तिनं काम घेतलं. क्राउनचे चार दात उडाले होते. मागच्या फळीवर त्याच मापाचे एकोणीस जुने क्राउन तेल लावून ठेवलेले होते, त्यातला एक तिनं काढून बसवला. पिनियन चांगलं दिसत होतं, ते तसंच ठेवलं.

हे आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "क्रेन शांत निघाली तर शेड चौकशीची. नाही निघाली तर सोमवारी सकाळी टायरवाल्याला किल्ली." टायरवाला भाऊनं शोधलेला होता. त्याला गोदामासाठी जागा हवी होती आणि भाऊला आप्पांनी आता घरी बसावं असं वाटत होतं. त्यात वाईट काही नव्हतं, पण चौकशीचं काय हे त्यानं हिशोबात धरलंच नव्हतं.

आणि क्रेन शांत निघाली नाही.

"झालं का तुझं मोजून?" भाऊनं विचारलं. "किती वेळा तेच तेच मोजणार?"

"तिसऱ्यांदा. आणि तिन्ही वेळा बरोबर येतंय."

"बरोबर येतंय तर ओरडते कशाला?"

"तेच तर!" ती गर्रकन वळली. तिला खरं म्हणजे भीती वाटायला हवी होती, पण तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते नवलच. "पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण दोरी गुंडाळून वजनकाट्यानं ओढून बघितला, बरोबर आहे. दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, डायलवर बघितला, तोही बरोबर. आणि ही गाडी ओरडते कधी? पायाखाली रेस दाबली की. सोडली की जरा आवाज बदलतो, पण जात नाही. असं का होईल?"

"मला विचारतेस?" भाऊ म्हणाला. "मी विम्याच्या हपिसात असतो."

तिनं क्राउनच्या दातांना पिवळा रंग फासला आणि पिनियन हळूहळू फिरवलं. रंग जिथे पुसला जातो तिथे दात दाताला टेकतो. ही छाप दाताच्या मधोमध हवी. शुक्रवारच्या आधी तिनं बारा दात रंगवले होते आणि बाराही दातांवर छाप बऱ्यापैकी मधेच आली होती. आज तिनं सगळे रंगवले. छाप एका दातावर मधे होती, पुढे सरकत सरकत कडेला गेली, पलीकडच्या बाजूला तर पार टोकाशी चढली. शिम, म्हणजे पत्र्याची पातळ चकती, घालून किंवा काढून हे सुधारणारं नव्हतं. एका बाजूला सुधारावं तर दुसरीकडे बिघडणार.

"जसं काही दोघांची ओळखच नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

दाराशी आप्पांची खुर्ची करकरली.

चौकशीनं रॉकेलचा बोळा घेऊन क्राउनची कड पुसली. तिथे चार आकडे कोरलेले होते. ते तिनं शंभरदा पाहिले होते आणि कारखान्याचे काहीतरी असतील म्हणून सोडून दिले होते. आता तिनं पिनियनचं तोंड पुसलं. तिथेही चार आकडे होते. वेगळे. ती फळीकडे गेली आणि परवाच डब्यातून आलेली ट्रकची नवी जोडी उघडली. क्राउनवर एक आकडा, पिनियनवर तोच. दुसरा डबा उघडला. तेच.

"आप्पा," ती म्हणाली, "हा आकडा कसला?"

क्रेनवाल्यानं कप खाली ठेवला.

"आप्पा, मी काय विचारतेय? डब्यातल्या जोडीवर दोन्हीकडे एकच आकडा आहे. ह्यांच्यावर वेगवेगळा आहे. हे दोघं एकमेकांवर घासून जुळवलेले असतात का? जोडीनंच वापरायचे असतात का?"

"सांगा की," आई म्हणाली. आप्पांनी मान दुसरीकडे वळवली, तेव्हा तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "मग मी सांगते. मला दातांतलं काही कळत नाही, पण वाटणी माझ्यासमोर झालेली आहे."

बारा वर्षांपूर्वी आप्पा आणि काका वेगळे झाले, ते कशावरून हे आता दोघांनाही नीटसं आठवत नसावं. वाटणी करायला आईच्या भावाला, म्हणजे मामांना बसवलं. मामा कापडाचे व्यापारी, माणूस सरळ. दोन्हीकडे सारखे नग गेले पाहिजेत, एवढंच त्यांना कळत होतं. ह्या जुन्या एक्सलचे एकोणीस क्राउन एका फळीवर होते, एकोणीस पिनियनं दुसऱ्या फळीवर. मामांनी बोट दाखवलं. ही फळी थोरल्याची, ती फळी धाकट्याची. काकांनी आपली एकोणीस पिनियनं हातगाडीवर घातली, रस्ता ओलांडला आणि समोरच दुकान थाटलं. तेव्हापासून दोघांकडे अर्ध्या अर्ध्या एकोणीस जोड्या पडून होत्या, आणि दोघंही गिऱ्हाइकाला सांगत होते की ते काम आम्ही करत नाही.

भाऊ एवढ्या मोठ्यानं हसला की त्याचा हात शेवटी तेलकट टेबलावर टेकलाच. "म्हणजे एकाकडे सगळे डावे बूट आणि दुसऱ्याकडे सगळे उजवे? आणि बारा वर्षं कुणी काही बोललं नाही?"

चौकशी हसली नाही. तिला एक गोष्ट कळत होती आणि ती कळू नये असं वाटत होतं.

"आप्पा, शुक्रवारी गाडी आली तेव्हा तुम्ही फाटकात उभे होतात. आवाज ऐकलात आणि आत जाऊन पडलात."

"डोळ्यांत औषध घालायचं होतं."

"तुम्हाला आवाजावरूनच कळलं होतं. हो ना?"

आप्पांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो," म्हणाले.

"आणि दोन दिवस मी हे उघडतेय, बांधतेय, परत उघडतेय."

"ह्यांचं बाकी चुकलं हं," भाऊ म्हणाला. सकाळपासून तो आप्पांच्या बाजूनं होता, आता त्याची बाजू त्याच्याही नकळत बदलली. "आप्पा, तुम्ही पैज लावलीत आणि हातातला पत्ता दडवून ठेवलात."

"दहा वर्षं पोरीला शिकवलंत," आई म्हणाली, "आणि नेमकं हेच शिकवायचं राहिलं?"

"राहिलं नाही," आप्पा हळू म्हणाले. "टाळलं. आकड्याचं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, आपल्या क्राउनांची पिनियनं कुठेत. हिला ओळखत नाही का मी."

चौकशीनं हात पुसले. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि या दोन्हींपैकी कशालाही आत्ता वेळ नव्हता. तिनं क्राउनवरचा आकडा खडूनं तळहातावर लिहिला आणि रस्ता ओलांडला.

काकांचं दुकान म्हणजे आप्पांच्या शेडचा आरसाच होता. तसंच स्टँड, तसाच बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस, पान्हे भिंतीवर त्याच क्रमानं टांगलेले. दोन भाऊ एकाच बापाकडे शिकले की असंच होतं. काकू दाराशी वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. चौकशीला बघून त्यांनी पेपर खाली घेतला आणि आत हाक मारली, "अहो, आली बघा."

"म्हणजे काय? वाट बघत होतात?"

"शुक्रवारपासून," काकू म्हणाल्या. "गाडी गेली तशी हे म्हणाले, जोडी नाही. आज ना उद्या कुणीतरी येणार. मला वाटलं होतं तुझे आप्पा येतील. ह्यांना वाटलं नव्हतं."

काका हात पुसत बाहेर आले. चौकशीनं काही न बोलता तळहात पुढे केला. त्यांनी आकडा वाचला, मागच्या फळीशी गेले आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एकोणीस पुडकी बोटानं मोजत मोजत अकराव्यावर थांबले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली होती. कागद उलगडला तर पिनियन कालच आणल्यासारखं चकचकत होतं.

"बारा वर्षं सांभाळलंत?" तिनं विचारलं.

"दर उन्हाळ्यात पुसतो."

"आप्पाही क्राउन पुसतात. मला वाटायचं सवय आहे." ती पुढे झाली. "काका, मामा वाटणी करत होते तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं आप्पा बोलेल. थोरला तो. आणि नंतर वाटलं, अडलं की येईल."

"त्यांनाही तसंच वाटलं असणार."

"असेल. आला नाही ना पण." काकांनी पिनियन परत कागदात गुंडाळलं. "हे बघ, तुझ्याशी माझं काही वाकडं नाही. पण हे पिनियन माझ्या दुकानातून हलणार नाही. त्याला हवं असेल तर त्यानं यावं आणि न्यावं."

"अहो, पोरीची शेड जातेय उद्या," काकू म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतोय, त्याला धाड."

चौकशी विचार करत उभी राहिली. आप्पा येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. काका देणार नाहीत हेही दिसत होतं. दोघांचे दात एकमेकांत अडकले होते आणि मधे मोकळीक म्हणून नव्हती. मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "पिनियन हलवायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग क्राउन इकडे येईल."

काकू पेपराआड हसल्या.

पाच मिनिटांत अख्खा गोळा ट्रॉलीवर चढला. क्रेनवाल्यानं साखळी धरली, भाऊनं बाह्या सरसावल्या आणि शर्टाचा विचार सोडला. दीडशे किलोचं लोखंड रस्त्यावरून कण्हत निघालं. मधोमध चाक एका खड्ड्यात अडकलं, दोन्ही बाजूंची वाहनं थांबली, आणि एका रिक्षावाल्यानं उतरून धक्का दिला. आप्पा फाटकात उभे राहून हे सगळं बघत होते. कुणी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी अडवलंही नव्हतं.

काकांच्या प्रेसवर चौकशीनं बेअरिंगं नव्या पिनियनवर बसवली. दोरी गुंडाळून काट्यानं ताण पाहिला. पिनियनच्या घराखाली शिमांची चळत ठेवली, गोळ्यात बसवलं, दोन्ही बाजूंच्या नटांनी क्राउन सरकवत प्ले जमवला. मग सगळ्या दातांना रंग लावला आणि फिरवलं. सगळे वाकून बघत होते, विम्याच्या हपिसातला भाऊसुद्धा.

छाप सगळ्या दातांवर एकसारखी होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच जागी. फक्त ती जागा जरा चुकत होती, छाप दाताच्या टोकाकडे चढलेली होती.

"ओळख निघाली," चौकशी म्हणाली. "आता फक्त खोली. पिनियन थोडं आत जायला हवं."

"वीस शतांशाची शिम काढ," काका म्हणाले.

"वीस?" रस्त्यापलीकडून आवाज आला. "वीस काढलीस तर पार बुडाला जाईल! दहा काढ!"

"इथून दिसतंय मला," काका ओरडले, "तिथून काय दिसतंय तुला? डोळ्यांत औषध घालून उभा आहेस!"

"मला दिसायची गरज नाही! तुझं वीस म्हणजे नेहमीच दुप्पट असतं!"

"बाबांनी सांगितलं होतं, टोकाला असली की वीस!"

"बाबांनी तुला सांगितलं होतं, कारण तू भीतभीत दोन दोन काढायचास!"

एक ट्रक मधून गेला. तो गेला तेव्हा आप्पा रस्त्याच्या अलीकडे होते. आपण आलो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते दुकानात स्टँडच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, हातात शिमांची चळत होती, आणि समोर काका त्यातलीच एक शिम ओढत होते. दोघंही एकदम थांबले. काकूंनी एक स्टूल पुढे सरकवलं. त्यावर कुणीच बसलं नाही.

"दोघंही बाजूला व्हा," चौकशी म्हणाली. "काम माझं आहे."

दोघंही बाजूला झाले. तिनं छाप पुन्हा पाहिली, बोट लावून अंतर जोखलं, आणि पंधराची शिम काढली. दहा नाही की वीस नाही. परत बांधलं, परत प्ले जमवला, परत रंग लावला. छाप उतरून दाताच्या मधोमध, किंचित आतल्या अंगाला बसली. भार आला की बाहेर सरकेल आणि बरोबर मधे येईल.

काकांनी वाकून छाप पाहिली. "पंधरा," म्हणाले.

"पंधरा," आप्पा म्हणाले. दोघांचाही चेहरा पडला होता आणि दोघंही आतून खूश होते. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे चौकशीनं त्या दिवशी पाहिलं.

दुपारी चार वाजता गोळा परत गाडीत चढला. तेल भरलं. क्रेनवाल्यानं इंजिन सुरू केलं, चौकशी त्याच्या शेजारी बसली, आणि तिला काही कळायच्या आत दोन्ही म्हातारे मागच्या बाकावर चढून बसले. गाडी चौकातून वळून मोठ्या रस्त्याला लागली. क्रेनवाल्यानं रेस दाबली. तीस झाले, चाळीस झाले, पन्नास. चौकशी कान देऊन ऐकत होती. इंजिन ऐकू येत होतं, हुकाची साखळी खुळखुळत होती, खिडकीतून वारा येत होता. एक्सलचा मात्र सूरसुद्धा नव्हता.

"गाडी आहे ना चालू?" क्रेनवाला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

शेडसमोर परतले तेव्हा भाऊ, आई आणि काकू फाटकात उभे होते. आप्पा सावकाश उतरले. चष्मा काढून खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक हिची नव्हती. आकडा मी शिकवला नाही. शुक्रवारी मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर रस्ता ओलांडावा लागला असता." मग भाऊकडे वळले. "टायरवाल्याला फोन कर. जागा मिळणार नाही म्हणावं."

"केला," भाऊ म्हणाला. "ट्रॉली खड्ड्यात अडकली होती तेव्हाच."

आई हसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. चौकशी हसली नाही. शेड आपली झाली याचा आनंद तिला झाला होता, पण त्याच्याखाली दोन दिवसांचा राग तसाच बसून होता. ती आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी दहा वर्षं तुमच्याकडे शिकले. मला वाटलं होतं सगळं शिकले." तिनं नाक पुसलं, गालाला ग्रीस लागलं. "आता खरं सांगा. अजून काय काय शिकवलेलं नाही मला?"

आप्पा म्हणणार होते, काही नाही. ते त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. मग ते थांबले. फाटकाच्या कठड्यावर बसले, जमिनीकडे बघत मनाशी काहीतरी जुळवू लागले, आणि जसजसं जुळत गेलं तसतसा त्यांचा चेहरा ओशाळा होत गेला.

"तीन गोष्टी," ते शेवटी म्हणाले.

"चार," काका म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर जागा करून बसले.